दाण्याची पेंड

"कसके पकड़ो, हरकेश. हिलने मत दो उसको," असं म्हणत उल्हासने लेंड्यांनी भरलेल्या जमिनीवर एक गुडघा टेकला आणि कापडी टेप घेऊन तो बोकडाच्या मागच्या पायांपाशी वाकला.

हरकेशने बोकडाचं डोकं आपल्या मांड्यांत धरलं होतं. "सीधा खड़ा रह, घेवर," तो त्याच्या कानाशी म्हणाला. "सर जी दर्जी हैं. तेरा पजामा सिलेंगे. शरमा मत."

एरवी उल्हास हसला असता. आज त्याने वृषणांभोवती टेप गुंडाळून आकडा पाहिला, टेप सोडवला, पुन्हा गुंडाळला, पुन्हा पाहिला. मागच्या महिन्यात आकडा जिथे बसला होता तिथून उठायलाच तयार नव्हता.

कुंपणापलीकडच्या गटातले बोकड एकमेकांवर चढत होते, वरचा ओठ मुडपून हवा हुंगत होते. वयात आलेल्या बोकडाचा जो दर्प एकदा नाकात शिरला की जेवणापर्यंत निघत नाही, तो वाऱ्याबरोबर इकडे येत होता. त्यांना मिळत होता साधा चारा आणि मक्याचा भरडा. इकडच्या गटाला मात्र पूरक खुराक चालू होता. मका, दाण्याची पेंड आणि वरून जस्ताची नि खनिजांची पूड. अशा खुराकाने कोवळे बोकड लवकर वयात येतात का, एवढंच तर पाहायचं होतं. आणि नेमके हेच मागे राहिले होते. अंगाने भरलेले, केसांवर तेल लावल्यासारखी चमक, पण वास नाही, मस्ती नाही. आईमागे धावणारी करडंच जणू मोठ्या कातड्यात घातलेली.

उल्हास इथला तांत्रिक सहायक. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधून निघायचं, मेट्रोने फरीदाबाद गाठायचं आणि पुढे शेअर रिक्षाने गावाबाहेरच्या या शेळीकेंद्रात यायचं, हा त्याचा वर्षानुवर्षांचा नेम. दिल्लीच्या मराठी मंडळात कुणी "तुम्ही नक्की कशात असता हो?" असं विचारलं की "पशुआहारात" एवढंच तो सांगे. आपण बोकडांची कसली मापं घेतो हे चारचौघांत, त्यातून बायामाणसांत, कसं सांगणार? पण दोन गोष्टींचा त्याला मनापासून अभिमान होता. एक त्याचा गळा. मंडळात कीर्तन असलं की मागे पेटी घेऊन बसायचा आणि ध्रुपद उचलायचा मान त्याचाच. दुसरी त्याची हिंदी. "आमच्या उल्हासरावांची हिंदी म्हणजे थेट लखनौची," असं मंडळात कुणीतरी एकदा म्हणालं होतं, आणि ते थट्टेने म्हटलं होतं हे लक्षात न घेता उल्हासने ते जपून ठेवलं होतं.

"क्या हुआ, उल्हास जी? कुछ बढ़ा?" त्यागी मॅडम दारात उभ्या होत्या. केंद्राच्या प्रमुख त्याच.

"नहीं, मैडम. वहीं का वहीं."

मॅडमनी दोन्ही गटांकडे आळीपाळीने पाहिलं. "उधर वाले जवान हो गए और ये बच्चे के बच्चे. इसका एक ही मतलब है. पाउडर इनके पेट में गया ही नहीं, उसकी जगह कुछ उल्टा-सीधा गया है." मग त्या हरकेशकडे वळल्या. "कहाँ बेचा?"

हरकेशने घेवरला सोडलं नाही. "मैडम जी, बच्चों की कसम. अपने हाथ से मिलाऊँ हूँ. इन्हें इतना पसंद है कि मैं तो एक मुट्ठी ऊपर से डालूँ."

"उल्हास जी, दाना तो आपने मँगवाया था. उसमें कोई गड़बड़?"

"बिल्कुल नहीं, मैडम. मैंने खुद फ़ोन पे बोला था."

हे उत्तर त्याच्या तोंडून इतक्या चटकन गेलं की मागाहून त्याचं त्यालाच नवल वाटलं. पोती उतरली तेव्हापासून तो एकदाही कोठारात गेला नव्हता. तिथे धूळ फार. एकदा आत गेलं की दोन दिवस गळा बसतो, आणि बसलेल्या गळ्याने ध्रुपद उचलता येत नाही. म्हणून पेंड आली का हे तो बाहेरूनच "आ गई खल?" असं विचारी आणि हरकेश आतून "आ गई जी" म्हणे. एवढ्यावर भागत आलं होतं.

हरकेश आता त्याच्याकडे पाहत होता. हा माणूस चोर नाही, एवढं एकच वाक्य उल्हासने म्हणायचं होतं. उल्हास खाली मान घालून टेपची गुंडाळी करत राहिला.

"कल से मत आना," मॅडम हरकेशला म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. त्यांना त्यात काही सुख होतं असंही नाही. "और ये सब सोमवार को ठेकेदार ले जाएगा. ब्रीडिंग के काम के नहीं हैं तो कब तक खिलाएँगे?"

ठेकेदार कुठे घेऊन जातो, हे तिथे कुणी कुणाला विचारत नसे.

रविवारी एकादशी होती. संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये कीर्तन, आणि फराळाची साबुदाण्याची खिचडी यंदा नीलाकडे.

"अहो, दाणे कमी पडतायत," नीला स्वयंपाकघरातून म्हणाली. "पुण्याच्या पार्सलच्या भरवशावर राहिले नि घोटाळा झाला. पटकन कोपऱ्यावरून किलोभर आणता का? सालं काढलेले नकोत, खवट निघतात."

वाणसामान आणणं हे उल्हासचं खातं नव्हतंच कधी. तो चपला सरकवून गेला.

"भैया, एक किलो दाना देना."

"कौन सा? कबूतर वाला कि तोते वाला?"

"अरे नहीं. खाने का दाना."

"साबूदाना?"

"साबूदाना है घर में. उसमें डालने का दाना!"

दुकानदाराने हात टेकले. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी पदर तोंडाला लावला. शेवटी उल्हासने मागच्या बरणीकडे बोट दाखवलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

"ओहो, मूंगफली! तो मूंगफली बोलो ना, अंकल. दाना तो जानवर खाते हैं."

उल्हासही हसला. पिशवी घेऊन निघाला. टॉवरच्या दाराशी आला, लिफ्टचं बटण दाबायला हात उचलला, आणि तो हात तिथेच थांबला.

दाना तो जानवर खाते हैं.

खुराक सुरू करायचा ठरला त्या दिवशी त्याने बल्लभगढच्या दुकानात फोन लावला होता. टेबलावर बोटांनी ताल धरत, आपल्या लखनवी हिंदीत तो म्हणाला होता, "बंसल जी, दाने की खल भिजवाइए. बढ़िया वाली." दाण्याची पेंड म्हणजे दाने की खल. इतकं सरळ, की दुसरा विचार करायची गरजही वाटली नव्हती.

तो लिफ्टपासून बाजूला झाला आणि त्याने बंसलना फोन लावला.

"हाँ जी सर, वही भेज रहा हूँ हर महीने," बंसल म्हणाले. "दाना और खल, दोनों मिलाके, पीस के. कोई शिकायत?"

"खल किसकी, बंसल जी?"

"लो जी. खल किसकी होगी? बिनौले की. इधर खल बोलो तो बिनौला ही होता है. नंबर एक माल है, सर."

बिनौला म्हणजे सरकी. पुढचं उल्हासला कुणी समजावून सांगायला नको होतं. सरकीत जो विषारी अंश असतो तो थोराड गाई-म्हशी पचवून टाकतात. कोवळ्या नराच्या मात्र तो मुळावर येतो, बीजच धरू देत नाही. हे त्याने स्वतः शेतकऱ्यांच्या शिबिरात उभं राहून सांगितलं होतं. आणि हेही सांगितलं होतं की सरकी वेळेवर बंद केली तर काही महिन्यांत पुष्कळसे बोकड सावरतात, चांगले वयात येतात.

म्हणजे अजून काही गेलेलं नव्हतं. मॅडमना एक फोन केला की उद्याची गाडी थांबणार होती. हरकेशवरचा डाग पुसला जाणार होता. एक फोन.

"एवढा वेळ?" नीलाने पिशवी घेतली. "आणि चेहरा का असा झालाय?"

"दाणे म्हटलं तर त्याला कळेचना," उल्हास म्हणाला.

सोफ्यावर लोळत असलेली अक्षता ताडकन उठून बसली. ती दिल्लीतच वाढलेली. "बाबा, दाने म्हणजे पिंपल्स! तुम्ही एक किलो पिंपल्स मागितले?"

"अगं बाई!" नीलाला हसता हसता भिंतीचा आधार घ्यावा लागला. "इतकी वर्षं झाली दिल्लीत. म्हणे लखनौची हिंदी!"

मायलेकी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. उल्हासही हसला, आणि सांगायची वेळ त्या हसण्यात वाहून गेली. मग तो गॅलरीत जाऊन मॅडमचा नंबर काढून उभा राहिला. काय म्हणायचं? परवा सगळ्यांदेखत "बिल्कुल नहीं" म्हणालो ते चूक होतं? मला मूंगफली म्हणता आलं नाही म्हणून हे सगळं झालं? उद्या केंद्रातला शिपाईसुद्धा "सर जी, दाना लोगे?" म्हणून विचारील. नको. आत्ता कीर्तनाची घाई आहे. कीर्तन होऊ दे, मग शांतपणे करू. देवाच्या कामात मध्येच हे कशाला?

असं त्याने ठरवलं, आणि ठरवल्यावर त्याला बरं वाटलं.

कीर्तनाला पुण्याहून रुचिराताई आल्या होत्या. वयाने अक्षतापेक्षा थोड्याच मोठ्या, पण नऊवारी नेसून, हातात झांजा घेऊन उभ्या राहिल्या की अख्खा हॉल ताब्यात घेणाऱ्या. नमनाचे सूर लागले, तबल्यावर थाप पडली, उल्हासने पेटीचा भाता उघडला आणि ऑफिस, मेट्रो, धूर, सगळं त्या हॉलच्या बाहेर राहिलं. कीर्तनाचं सुख असंच असतं. बाहेर काढून ठेवलेल्या चपलांबरोबर माणूस पुष्कळ काही बाहेर ठेवून येतो.

पूर्वरंगात ताई नामाबद्दल बोलत होत्या. "आपण म्हणतो, मला संस्कृत येत नाही, माझे उच्चार शुद्ध नाहीत, मी कसं देवाचं नाव घेऊ? अहो, बोबडं लेकरू पाण्याला 'मम' म्हणतं, तर आई त्याला व्याकरण शिकवत बसते का? ती भांडं ओठाला लावते! देव शब्द ऐकतच नाही मंडळी, देव भाव ऐकतो."

"वा!" हॉलमधून आलं. ताईंनी तान घेतली. उल्हासने ध्रुपद उचललं. आणि ते शब्द थंड पाण्यासारखे त्याच्या अंगावरून उतरत गेले. देव भाव ऐकतो. माझा भाव शुद्धच होता की. मला दाण्याचीच पेंड हवी होती. बोकडांचं भलंच व्हावं अशी इच्छा होती. शब्द चुकला, इतकंच.

मध्यंतरात चिटणीसांनी जाहीर केलं की आज ताईंना हार उल्हासरावांच्या हस्ते. तो उठला, हार घातला, पाया पडला, कपाळाला बुक्का लावून घेतला. उत्तररंगात त्याचा आवाज असा काही लागला की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या माणसांनी माना डोलावल्या. नंतर खिचडीवरही सगळे तुटून पडले. "कूट काय खमंग झालंय हो!" असं जो तो नीलाला सांगत होता.

देवाच्या दारी सर्वांसाठी वाटलेलं समाधान उल्हासने स्वतःपुरतं उचललं आणि घरी नेलं. फोन केला नाही. उद्या समक्षच सांगू, तेच बरं, असं म्हणून तो झोपला, आणि त्याला झोपही लागली.

सोमवारी तो नेहमीपेक्षा लवकर पोचला. फाटकातून आत शिरताच पलीकडच्या गटाचा दर्प आला, ओरडणं ऐकू आलं. अलीकडचा गोठा रिकामा होता.

"गाड़ी तो सवेरे-सवेरे आ गई थी," चौकीदार म्हणाला. "ठेकेदार को जल्दी थी. घेवर चढ़ नहीं रहा था. पीछे मुड़-मुड़ के देखता था."

उल्हासने गव्हाणीत हात घातला. तळाशी उरलेला खुराक मुठीत आला. त्याने मूठ उघडली. सरकीच्या काळ्या टरफलांचा चुरा, आणि तळहाताला चिकटलेले कापसाचे बारीक तंतू. इतक्या महिन्यांत हा खुराक तो पहिल्यांदाच पाहत होता.

तो तसाच मॅडमच्या खोलीत गेला आणि त्याने सगळं सांगितलं. दाणे, दाना, खल, बिनौला. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ये आपको कब पता चला?"

"कल."

"कल कब?"

"दोपहर को."

"फ़ोन था ना आपके पास?"

"मैडम, मैं कीर्तन में..." एवढं म्हणून उल्हास थांबला. ते वाक्य पुढे कुठे नेता येईल हे त्याला मराठीतही सुचेना.

मॅडमनी ठेकेदाराला फोन लावला. दोन वाक्यं बोलून ठेवून दिला आणि नुसती मान हलवली.

"हरकेश को बुला लीजिए, मैडम. उसकी कोई गलती नहीं."

"लिख के ऊपर जा चुका है कि चोरी हुई. अब मैं लिखूँ कि चोरी नहीं, ग्रामर की गलती थी?" त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "देखती हूँ. वादा नहीं करती."

हरकेशचं गाव केंद्रापासून फार लांब नव्हतं, पण इतक्या वर्षांत उल्हास तिथे कधी गेला नव्हता. ऑफिस सुटल्यावर विचारत विचारत तो घराशी पोचला तेव्हा हरकेश अंगणात आपल्या दोन शेळ्यांना पाला घालत होता.

"अरे, सर जी! बाला, देख कौन आए हैं!" त्याने जीन्सला हात पुसले आणि खाट ओढली. त्याची बायको बाला चादर घेऊन धावत आली, पाणी आलं, चहा चढला. उल्हासला बसवेना आणि उभंही राहवेना. शेवटी खाटेच्या कडेवर टेकून त्याने सांगायला सुरुवात केली.

"मैंने मैडम को बोल दिया है. तुमने कुछ नहीं बेचा. गलती मेरी थी."

हरकेशने एकदम हात जोडले. "भगवान भला करे आपका. मेरी तो चलो, पर गाँव में बच्चों को लोग..." ते जोडलेले हात उल्हासला पाहवेनात. तो घाईघाईने दाण्यांचं सांगू लागला. आमच्यात मूंगफलीला दाणा म्हणतात, म्हणून मी तसं बोललो, म्हणून दुकानदाराने सरकी धाडली.

हरकेश क्षणभर बघत राहिला आणि मग खो खो हसत सुटला. "ओ बाला, सुन! इनके यहाँ मूंगफली को दाना बोलें हैं! तो दाने को क्या बोलते होंगे, काजू?" बालाही हसली, दारातून डोकावणारी शेजारीण हसली. उल्हासच्या तोंडावर हसल्यासारखं काहीतरी आलं.

"चलो, बीमारी पकड़ में आ गई," हरकेश डोळे पुसत म्हणाला. "अब खल बंद करो जी. हरा पत्ता दो, जौ दो. देखना, दो-तीन महीने में घेवर ऐसा तगड़ा हो जाएगा कि..."

उल्हास खाटेवरच्या चादरीची सुरकुती सारखी करू लागला.

"सर जी?"

"सुबह गाड़ी आई थी."

"सब गए?"

"सब."

हरकेश शेळीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. कुणाला उद्देशून नाही असा म्हणाला, "मैं तो मुट्ठी भर-भर के ऊपर से डालता था."

"तेरा कसूर नहीं है, हरकेश. तुझे क्या मालूम."

"प्यार से डालता था जी."

सांगायला अजून एक उरलं होतं. ते सांगितलं नसतं तर हरकेशला कधी कळलंही नसतं. बाला चहा देऊन आत गेली होती. उल्हास पेल्याकडे पाहत म्हणाला, "मेरे को कल दोपहर को ही पता चल गया था. फ़ोन करता तो गाड़ी रुक जाती. मैंने नहीं किया."

हरकेशने विचारलं नाही, का नाही केला. त्याने शेळ्यांची दावी सोडली, दोघींना आत नेऊन बांधलं, दार लोटलं. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात मोटरसायकलची किल्ली होती.

"चलो. इस टाइम ऑटो नहीं मिलेगा. मेट्रो तक छोड़ दूँ."

"मैं चला जाऊँगा."

"बैठो."

रस्ता खड्ड्यांचा. प्रत्येक खड्ड्याला उल्हास पुढे फेकला जाई, पण त्याने हरकेशच्या खांद्यावर हात ठेवला नाही. मागच्या लोखंडी कडीला घट्ट धरून बसला. स्टेशनच्या जिन्याशी हरकेशने गाडी थांबवली, तो उतरेपर्यंत पाय टेकून उभा राहिला आणि पुढे बघतच म्हणाला, "राम राम." मग गाडी वळवून निघून गेला.

वर तपासणीची रांग होती. ऑफिसं सुटल्याची गर्दी, पिशव्या, डबे. उल्हासची पाळी आली. तो लाकडी पाटावर चढला.

"हाथ ऊपर," जवान म्हणाला.

उल्हासने दोन्ही हात वर केले. जवानाने यंत्र त्याच्या खिशांवरून, छातीवरून, पाठीवरून फिरवलं आणि तो बाजूला झाला. मागची रांग पुढे सरकली. कुणीतरी हलकेच ढकललं.

"हो गया, अंकल," जवान म्हणाला. "हाथ नीचे कर लो."